आतड्यांच्या ‘शुद्धी’चे दावे आणि प्रतिजैविकांचा प्रश्न

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या आरोग्य पुरवणीत आणि तिच्या शेजारच्या जाहिरातींत आतड्यातील जिवाणू हा विषय अलीकडे वारंवार येतो आहे. सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारखीला त्याचा आनंदच वाटतो. परंतु या मजकुरात एक गृहीतक पुन्हा पुन्हा डोकावते आणि त्याविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटले. आतड्यात विषारी द्रव्ये साठत जातात, थकवा, त्वचाविकार, सांधेदुखी, वजनवाढ या सगळ्यांच्या मुळाशी तीच असतात, आणि एखादे चूर्ण, आतडे धुण्याचा उपचार किंवा महागडी कॅप्सूल घेऊन ती बाहेर काढली की चांगले जिवाणू आपोआप नांदू लागतात, असे ते गृहीतक आहे. निरोगी माणसाच्या बाबतीत या साखळीतील एकही कडी पुराव्याने सिद्ध झालेली नाही. आतड्यातील जिवाणू खरोखर विष तयार करतात तेव्हा काय घडते, हे मात्र वैद्यकाला चांगले ठाऊक आहे. त्या माहितीवरून दिसते ते असे की, आतड्यातील सूक्ष्मजीवांची मोठी हानी आपण नको तेव्हा घेतलेल्या प्रतिजैविकांमुळे, म्हणजे अँटिबायोटिक औषधांमुळे होते, आणि ती भरून काढण्याचा सोपा मार्ग अजून कोणाच्याही हाती आलेला नाही.

एखाद्या रोगामागे जिवाणूचे विष आहे असे म्हणायचे, तर ते कसे सिद्ध करावे लागते, याचा उत्तम धडा आपल्याच देशात घालून दिला गेला आहे. कोलकात्याचे डॉ. शंभुनाथ डे यांनी १९५९ साली पटकीच्या (कॉलराच्या) जिवाणूंचे संवर्धन गाळून, एकही जिवाणू नसलेला द्रव सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या भागात सोडला आणि तेवढ्यानेही तेथे भरपूर पाणी साठते हे दाखवले. जिवाणू नसतानाही परिणाम होतो, याचा अर्थ जिवाणूने बाहेर सोडलेले विषच रोगाचे कारण आहे, हे त्यातून सिद्ध झाले. पुढे त्या विषाची रचना कळली, ते आतड्याच्या पेशीत शिरून काय करते ते कळले, आणि रुग्णाचे शरीर कोरडे का पडते याचाही उलगडा झाला. विषाचे नाव, ते तयार करणारा जिवाणू, त्याचा परिणाम होणारी पेशी आणि ते मोजण्याची पद्धत, एवढ्या गोष्टी सांगता आल्या तर त्या दाव्याला अर्थ असतो. ‘शरीरातील विषारी द्रव्ये बाहेर काढा’ असे म्हणणाऱ्या जाहिरातींपैकी एकीनेही यातील एका तरी प्रश्नाचे उत्तर दिल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

आता ज्या रोगात आतड्यातील सूक्ष्मजीव, विष आणि ‘पुनर्स्थापना’ या तिन्ही गोष्टी खरोखर एकत्र येतात, त्याकडे वळते. क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल हे त्या जिवाणूचे नाव. १९३५ साली हॉल आणि ओटूल या दोन संशोधकांनी नवजात बालकांच्या शौचातून तो प्रथम वेगळा केला, आणि प्रयोगशाळेत वाढवायला तो अतिशय अवघड गेल्यामुळे त्याला ‘डिफिसिल’, म्हणजे लॅटिनमध्ये अवघड, असे नाव मिळाले. निरोगी तान्ह्या मुलांच्या आतड्यात तो असतो आणि बहुधा काहीही त्रास देत नाही, त्यामुळे पुढची चार दशके त्याच्याकडे फारसे कोणी गांभीर्याने पाहिले नाही. प्रतिजैविके, विशेषतः क्लिंडामायसिन, घेतलेल्या काही रुग्णांच्या मोठ्या आतड्याला भयंकर सूज येते आणि आतल्या अस्तरावर पिवळसर पापुद्रे धरतात, हे १९७० च्या दशकात डॉक्टरांच्या लक्षात आले, आणि १९७८ पर्यंत अमेरिकेतील जॉन बार्टलेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यामागे हाच जिवाणू व त्याचे विष असल्याचे दाखवून दिले. या जिवाणूची ए आणि बी अशी दोन मुख्य विषे आहेत. पेशीचा आतला सांगाडा ज्या प्रथिनांच्या नियंत्रणाखाली असतो, त्या प्रथिनांवर साखरेचा एक रेणू चिकटवून ही विषे त्यांना निकामी करतात. त्यामुळे सांगाडा कोसळतो, पेशी आकसून गोल होते, शेजारच्या पेशींशी असलेले तिचे घट्ट सांधे सुटतात आणि आतड्याचे अस्तर गळके होते. रुग्णाला दिवसातून अनेकदा पाण्यासारखे जुलाब, पोटात कळा, ताप असा त्रास होतो. रोग बळावला तर मोठे आतडे फुगून फाटण्याची वेळ येते. या जिवाणूचे जे वाण ही विषे तयार करत नाहीत, ते आतड्यात असूनही हा रोग होत नाही.

या रोगाचे प्रमाण किरकोळ नाही. २०११ या एका वर्षात अमेरिकेत या संसर्गाचे सुमारे ४ लाख ५३ हजार रुग्ण आढळले आणि निदानानंतर महिन्याभरात सुमारे २९ हजार जण मृत्यू पावले, असा तेथील रोगनियंत्रण केंद्राच्या संशोधकांचा अंदाज आहे. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात २००३ ते २००५ या काळात या संसर्गाच्या दोन साथी आल्या आणि किमान ३३ रुग्ण दगावले. त्याची सरकारी चौकशी झाली. आपल्याकडे मोठ्या शहरांतील प्रयोगशाळांत शौचातील या विषाची तपासणी होते, परंतु प्रतिजैविकांनंतर लागलेल्या जुलाबात हा संशय मनात आणून तपासणी सांगितली जाण्याचे प्रमाण, माझ्या अनुभवात तरी, फार कमी आहे. औषध उष्ण पडले, असे म्हणून घरोघरी हा विषय संपतो.

प्रतिजैविकाने जुलाब थांबायला हवेत, ते सुरू का होतात, असे पुष्कळांना वाटते. आपल्या शरीरात अंदाजे ३८ लाख कोटी जिवाणू असतात आणि त्यांतील बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात राहतात. (शरीरातील पेशींच्या दसपट जिवाणू असतात, हा सर्रास छापला जाणारा आकडा चुकीचा आहे, २०१६ मध्ये झालेल्या फेरगणनेनुसार दोन्हींची संख्या जवळपास सारखीच भरते.) इतकी दाट वस्ती असल्यामुळे बाहेरून आलेल्या जिवाणूला तेथे ना जागा मिळते, ना अन्न. पण या वस्तीचे काम केवळ जागा अडवण्याचे नाही. यकृतातून येणाऱ्या पित्ताम्लांपैकी काही रूपे डिफिसिलच्या सुप्त बीजाणूंना, म्हणजे टणक कवचात झोपलेल्या त्याच्या रूपांना, जागे होण्यास मदत करतात. आतड्यातील मोजके जिवाणू, उदाहरणार्थ क्लॉस्ट्रिडियम सिंडेन्स, त्या पित्ताम्लांचे रूपांतर करतात आणि तयार झालेली नवी रूपे डिफिसिलची वाढ रोखतात. प्रतिजैविकाने हे मोजके जिवाणू मेले की शत्रूला जागे करणारे द्रव्य तेवढे उरते आणि त्याला रोखणारे नाहीसे होते. डिफिसिलचे बीजाणू मात्र प्रतिजैविकाने मरत नाहीत. ते खाटेच्या कठड्यावर, दाराच्या मुठीवर महिनोन्‌महिने टिकतात आणि हाताला चोळायच्या अल्कोहोलयुक्त सॅनिटायझरलाही दाद देत नाहीत. रुग्णाला भेटायला जाणाऱ्यांनी साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात धुतले पाहिजेत, ही साधी गोष्ट रुग्णालयांनी दारावर लिहून ठेवायला हवी.

उपचारातही हाच पेच आहे. डिफिसिलला मारण्यासाठी तोंडावाटे व्हँकोमायसिन किंवा फिडॅक्सोमायसिन देतात. त्यांनी बहुतेक रुग्णांना उतार पडतो. परंतु आधीच विस्कटलेल्या आतड्यात आणखी एका प्रतिजैविकाची भर पडल्यामुळे सुमारे पाचातील एका रुग्णाला रोग पुन्हा गाठतो, आणि एकदा उलटलेला रोग पुन्हा उलटण्याची शक्यता त्याहूनही जास्त असते. अशा रुग्णांसाठी निरोगी माणसाच्या शौचातील सूक्ष्मजीव रुग्णाच्या आतड्यात सोडण्याचा मार्ग पुढे आला. ऐकणाऱ्याला किळस येते, हे मला ठाऊक आहे. माझ्या वर्गातही दरवर्षी हा भाग शिकवताना मुले नाक मुरडत. पण चौथ्या शतकात चीनमधील वैद्य गे हाँग यांनी जुलाबाच्या रुग्णांना असाच उपचार सांगून ठेवल्याची नोंद आहे. १९५८ साली अमेरिकेत डेनव्हर येथील शल्यचिकित्सक बेन आइझमन यांनी मरणासन्न अशा चार रुग्णांना बस्तीवाटे ही पद्धत वापरून बरे केले. पुढे २०१३ मध्ये ॲमस्टरडॅम येथील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि शंका फारशी उरली नाही. हा रोग वारंवार उलटलेल्या ज्या १६ रुग्णांना असे प्रत्यारोपण मिळाले, त्यांपैकी १३ पहिल्याच खेपेला बरे झाले. केवळ व्हँकोमायसिन दिलेल्या १३ रुग्णांपैकी बरे झाले ४. फरक इतका ठळक होता की चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली.

सूक्ष्मजीवसमूह परत बसवून रोग बरा होतो, याचा आज उपलब्ध असलेला सर्वांत भक्कम पुरावा हाच आहे, आणि म्हणूनच त्याच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हव्यात. हा पुरावा एका विशिष्ट, वारंवार उलटणाऱ्या संसर्गापुरता आहे. तो लठ्ठपणा, नैराश्य, स्वमग्नता किंवा केस गळणे यांना लागू होत नाही. शिवाय हे काम धोक्याचे आहे. २०१९ साली अमेरिकेत अशा प्रत्यारोपणातून औषधांना न जुमानणारा ई. कोलाय जिवाणू दोन रुग्णांच्या शरीरात गेला आणि त्यांपैकी एकाचा मृत्यू झाला. त्या दात्याच्या शौचाची त्या जिवाणूसाठी तपासणी झालेली नव्हती. त्यानंतर तेथील औषध प्रशासनाने नियम कडक केले. नोव्हेंबर २०२२ मध्ये गुदमार्गाने द्यायचे आणि एप्रिल २०२३ मध्ये तोंडावाटे घ्यायचे, अशी दोन तपासून प्रमाणित केलेली औषधे तेथे मंजूर झाली. भारतात औषधांना न जुमानणारे जिवाणू निरोगी लोकांच्या आतड्यातही मोठ्या प्रमाणावर सापडतात. अशा देशात घरच्या घरी हा प्रयोग करायला शिकवणारे व्हिडिओ पाहिले की मला मनापासून भीती वाटते, आणि वाचकांनी त्या वाटेला अजिबात जाऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आतड्यात विष साठते ही कल्पना नवी नाही. तिला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो आपल्या ‘शुद्धी’वाल्यांनी जाणून घ्यावा असा आहे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करणारे इल्या मेचनिकॉफ, ज्यांना १९०८ चे नोबेल पारितोषिक मिळाले, ते मोठ्या आतड्यात कुजणाऱ्या अन्नातील विषांमुळे माणूस अकाली म्हातारा होतो असे मानत आणि त्यावर उपाय म्हणून आंबवलेले दूध घेण्याचा सल्ला देत. (मुंबईत प्लेगची लस तयार करणारे आणि ज्यांच्या नावाची संस्था आजही परळला उभी आहे ते हाफकिन हे याच मेचनिकॉफ यांचे विद्यार्थी.) मेचनिकॉफ यांनी सुचवलेला उपाय निदान निरुपद्रवी होता. लंडनचे शल्यचिकित्सक सर आर्बथनॉट लेन यांनी मात्र त्याच कल्पनेच्या आधारे बद्धकोष्ठाच्या रुग्णांची मोठी आतडी कापून काढली, आणि त्यांतील कित्येकांनी त्यापायी जीव गमावला. १९१९ मध्ये वॉल्टर आल्व्हारेझ यांनी या कल्पनेवर साधा पण मर्मावर बोट ठेवणारा आक्षेप घेतला. शौचाला झाल्याबरोबर डोके दुखायचे थांबते, असे रुग्ण सांगतात. रक्तात विष भिनलेले असते तर ते इतक्या क्षणात उतरले नसते. मलाशय ताणले गेल्याने मज्जातंतूंमार्फत ही लक्षणे निर्माण होतात, असे त्यांनी दाखवले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच वैद्यकाने ही कल्पना बाजूला ठेवली होती. तीच आता नवे वेष्टन लेवून आपल्या घरात आली आहे.

येथे एक अपवाद प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. ज्यांचे यकृत निकामी होत आले आहे, त्यांच्या आतड्यातील जिवाणूंनी तयार केलेला अमोनिया यकृतात निष्प्रभ होत नाही, तो मेंदूपर्यंत पोहोचतो आणि रुग्णाला ग्लानी येते. तेथे लॅक्ट्युलोजसारखे औषध देऊन रोज शौचाला होईल याची काळजी घेतली जाते आणि त्याने जीव वाचतो. पण हे औषध यकृताचा आजार तपासून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिले जाते. निरोगी माणसाचे यकृत आणि मूत्रपिंडे हे काम अहोरात्र करत असतात.

आतडे धुण्याने जिवाणूंचे काय होते, हेही तपासून पाहिलेले आहे. दुर्बिणीची तपासणी करण्यापूर्वी रुग्णाला भरपूर रेचक देऊन मोठे आतडे पूर्ण रिकामे करतात. त्यानंतर जिवाणूंची संख्या एकदम घटते आणि काही आठवड्यांत बहुतेकांच्या आतड्यात पूर्वीचीच वस्ती परत येते. आधीपेक्षा चांगली वस्ती येत नाही. पाणी सोडून आतडे धुण्याच्या उपचारात क्षारांचे संतुलन बिघडल्याच्या आणि क्वचित आतड्याला भोक पडल्याच्याही नोंदी आहेत. वैद्याने प्रकृती तपासून केलेल्या शास्त्रोक्त बस्तीविषयी मी येथे काही म्हणत नाही. तो माझा विषय नव्हे. कोणाचीही प्रकृती न पाहता, सगळ्यांना एकाच दरात विकल्या जाणाऱ्या पॅकेजांविषयी मी बोलते आहे.

प्रोबायोटिक म्हणून विकल्या जाणाऱ्या जिवंत जिवाणूंच्या गोळ्यांविषयी सरसकट होकार किंवा नकार देता येत नाही, आणि नेमके हेच जाहिरातीत सांगितले जात नाही. ओडिशाच्या ग्रामीण भागात साडेचार हजारांहून अधिक नवजात बालकांवर झालेल्या चाचणीत, लॅक्टोबॅसिलस प्लांटारम या जिवाणूचे एक निवडलेले वाण आणि त्याचे खाद्य आठवडाभर दिल्याने रक्तातील जंतुसंसर्ग किंवा मृत्यूचे प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा आपल्याला अभिमान वाटायला हवा. उलट इंग्लंड आणि वेल्समध्ये ६५ वर्षे व त्याहून अधिक वयाच्या, प्रतिजैविके घेणाऱ्या जवळपास तीन हजार रुग्णांवर झालेल्या चाचणीत अशा जिवाणूंच्या मिश्रणाने जुलाब टळले नाहीत. काही लहान अभ्यासांत फायदा दिसतो, काहींत नाही. कोणते वाण, किती, कोणाला आणि कोणत्या वेळी, यावर सगळे ठरते.

याहून विचार करायला लावणारा निष्कर्ष इस्रायलच्या वाइझमन संस्थेतून २०१८ मध्ये आला. निरोगी स्वयंसेवकांना आठवडाभर सिप्रोफ्लॉक्सासिन आणि मेट्रोनिडॅझोल ही दोन प्रतिजैविके एकत्र दिली गेली. त्यानंतर काहींना प्रोबायोटिक दिले, काहींना त्यांचेच आधी साठवून ठेवलेले सूक्ष्मजीव परत दिले आणि उरलेल्यांना काहीच दिले नाही. ज्यांना स्वतःचे सूक्ष्मजीव परत मिळाले ते काही दिवसांत पूर्वपदावर आले. आणि ज्यांना काहीच दिले नव्हते, त्यांच्यापेक्षाही प्रोबायोटिक घेणाऱ्यांची मूळ वस्ती परत येण्यास जास्त वेळ लागला. स्वयंसेवकांची संख्या लहान होती, त्यामुळे यावरून अंतिम निर्णय देता येणार नाही. पण प्रतिजैविकासोबत सवयीने लिहून दिली जाणारी ती कॅप्सूल सगळे नुकसान भरून काढते, असे मानून निर्धास्त होणे योग्य नाही, एवढे त्यातून नक्की समजते.

या प्रयोगातील औषधांची जोडी आपल्या वाचकांना ओळखीची वाटायला हवी. त्याच दोन वर्गांतील औषधे एकत्र केलेली गोळी आपल्या गावोगावच्या मेडिकलमध्ये ‘जुलाबाची गोळी’ म्हणून मागितली आणि दिली जाते. पावसाळ्यात पाणी बदलले, बाहेरचे खाल्ले, दोन वेळा पातळ शौचाला झाले की माणूस दुकानात जातो, दोन गोळ्या घेतो आणि बरे वाटले की उरलेल्या गोळ्या कपाटात ठेवतो. असे बहुतेक जुलाब विषाणूंमुळे किंवा अन्नात तयार झालेल्या विषामुळे लागतात, ते दोन-तीन दिवसांत आपोआप थांबतात आणि त्या गोळीचा त्यात काहीही वाटा नसतो. चार तासांपूर्वीच्या लग्नाच्या जेवणाने झालेल्या उलट्या-जुलाबांवर प्रतिजैविकाचा उपयोग नसतो, कारण त्रास अन्नात आधीच तयार झालेल्या विषाचा असतो. रक्तमिश्रित आव, विषमज्वर, न्यूमोनिया, गंभीर पटकी यांत प्रतिजैविके जीव वाचवतात आणि तेथे ती डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत व मुदतीत घेतलीच पाहिजेत, हे मी आवर्जून नमूद करते. माझ्या या पत्रामुळे कोणी चालू औषध मध्येच सोडू नये.

नको असताना घेतलेल्या औषधाची किंमत किती, याचाही अंदाज आहे. डेन्मार्कमधील एका अभ्यासात १२ निरोगी तरुणांना चार दिवस तीन तीव्र प्रतिजैविके देण्यात आली. दीड महिन्यात त्यांच्या आतड्यातील वस्ती बरीचशी पूर्ववत झाली, पण आधी सर्वांमध्ये असलेल्या नऊ जाती सहा महिन्यांनंतरही बहुतेकांत सापडल्या नाहीत. त्यात आम्लपित्तासाठी रोज सकाळी अनशापोटी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांची भर पडते. जठरातील आम्ल कमी करणाऱ्या या औषधांचा डिफिसिलच्या संसर्गाशी संबंध असू शकतो, असा इशारा अमेरिकी औषध प्रशासनाने २०१२ मध्येच दिला आहे, आणि आपल्याकडे त्या गोळ्या वर्षानुवर्षे, कोणालाही न विचारता चालू असतात.

यावर उपाय होऊ शकतो, हे इंग्लंडने दाखवून दिले. तेथे फ्लुरोक्विनोलोन वर्गातील (वर उल्लेखलेले सिप्रोफ्लॉक्सासिन याच वर्गातले) प्रतिजैविकांच्या वापरावर बंधने आणली गेली आणि २००६ नंतरच्या काही वर्षांत डिफिसिलचे रुग्ण सुमारे ८० टक्क्यांनी घटले. रुग्णालयांतील स्वच्छताही त्या काळात सुधारली होती. पण जिवाणूंच्या जनुकीय अभ्यासातून असे दिसले की घट प्रामुख्याने या औषधाला न जुमानणाऱ्या वाणांचीच झाली, म्हणजे मुख्य श्रेय औषधावरील बंधनाचे आहे. आपल्याकडे नियम नाहीत असे नाही. १ मार्च २०१४ पासून अनुसूची एच-१ लागू आहे; तिच्यातील प्रतिजैविके विकताना दुकानदाराने डॉक्टरचे व रुग्णाचे नाव वेगळ्या नोंदवहीत लिहून ती नोंद तीन वर्षे जपायची आहे. पाकिटावर लाल रेघ असलेले औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये, हे सांगणारी मोहीम केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये सुरू केली. अन्न व औषध प्रशासनाने या नोंदवह्या खरोखर तपासल्या आणि त्या तपासणीचे जिल्हावार निष्कर्ष आपल्यासारख्या दैनिकाने मागवून छापले, तर आतड्यांच्या आरोग्यासाठी ते कोणत्याही शुद्धी-पॅकेजपेक्षा मोठे काम होईल.

आता आहाराविषयी. आतड्यातील जिवाणूंचे अन्न म्हणजे आपल्याला न पचणारे तंतुमय पदार्थ. ते आंबवून जिवाणू ब्युटिरेटसारखी लहान मेदाम्ले तयार करतात आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशी मुख्यतः त्यावरच जगतात. ज्वारी-बाजरीची भाकरी, नाचणीची आंबील, मटकी-कुळीथ, पालेभाज्या आणि सालीसकट फळे यांतून हे अन्न मिळते आणि त्यासाठी वेगळा खर्च करावा लागत नाही. भारतीयांच्या आतड्यात प्रिव्होटेला या जिवाणूंचे प्रमाण बरेच असते आणि त्याचा संबंध धान्य-कडधान्यांच्या आहाराशी लावला जातो. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातील संशोधकांनी भारतीयांच्या सूक्ष्मजीवांवर बरेच काम केले आहे. स्टॅनफर्ड येथील २०२१ च्या एका लहान चाचणीत दही, केफीर यांसारखे आंबवलेले पदार्थ दहा आठवडे भरपूर खाणाऱ्यांच्या आतड्यातील जिवाणूंचे वैविध्य वाढलेले दिसले. घरच्या विरजणाचे दही आणि ताक म्हणूनच चांगले. मात्र दह्यातील जिवाणू आतड्यात कायम मुक्काम करत नाहीत, आंबोळी-इडलीतील जिवाणू तव्यावर आणि वाफेवर मरतात, आणि डिफिसिलच्या संसर्गावर ताक हे औषध नव्हे. ज्यांना आतड्यांचा दाह किंवा अन्य आजार आहे त्यांनी तंतुमय पदार्थ डॉक्टरांना विचारूनच वाढवावेत. शौचाची तपासणी करून जिवाणूंचा ‘गुणांक’ सांगणाऱ्या आणि त्यावरून आहार विकणाऱ्या कंपन्यांविषयी एवढेच म्हणते की, निरोगी सूक्ष्मजीवसमूह नेमका कसा असतो याची सर्वमान्य व्याख्या अजून झालेली नाही, त्यामुळे तसा गुणांक कशाशी ताडून पाहायचा हाच प्रश्न आहे.

आपल्याकडे माझ्या दोन मागण्या आहेत. रोग बरा करण्याचा दावा करणाऱ्या आतडे-शुद्धीच्या जाहिराती स्वीकारण्यापूर्वी त्यामागील पुरावा मागावा. आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा १९५४ चा कायदा त्यासाठी आधाराला आहे. दुसरी मागणी अशी की, पावसाळ्याचे चार महिने पुरवणीच्या पहिल्या पानावर ठळक चौकट द्यावी. बांगलादेश युद्धाच्या वेळी, १९७१ मध्ये, बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी ज्या साखर-मिठाच्या पाण्याने हजारोंचे प्राण वाचवले, त्या जलसंजीवनीचे एक लिटरचे पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण रिकामे करून कसे द्यायचे, हे त्या चौकटीत असावे; मुलांना सोबत झिंक द्यावे, हेही असावे. शौचात रक्त, तीव्र ताप, लघवी कमी होणे किंवा मूल सुस्त पडणे यांपैकी काही दिसले तर तत्काळ दवाखाना गाठावा, आणि तेथे गेल्यावर मागील तीन महिन्यांत कोणतेही प्रतिजैविक घेतले असेल तर ते न विचारता सांगावे, हेही त्यात छापावे. या शेवटच्या ओळीमुळे डॉक्टरांना वेळीच योग्य तपासणी सुचेल आणि जुलाबावर आणखी एक प्रतिजैविक लिहिले जाण्याचे टळेल.

आपली विश्वासू,
सूक्ष्मजीवशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका, सातारा